दुपारचा पहारा

आमच्या घरात माणसं तीन: आई, बाबा आणि मी. गावाच्या मते हा आमचा पहिला गुन्हा होता. ना चुलते, ना भाऊ, ना आजा. दुसरा गुन्हा बाबांचा. ते निजाम सरकारच्या शाळेत उर्दूतून हिशेब शिकवत, शेरवानी घालत आणि देवळाची पायरी म्हणून चढत नसत. त्यामुळं आमची म्हैस आटली की गाव म्हणे, भजनाला जात न्हाईत, मग दुसरं काय होणार! शेजारी सहा सख्खे भाऊ एका चुलीवर जेवत आणि रोज भजनाला जात. त्यांची म्हैस आटली की मात्र देव परीक्षा बघतोय असं ठरे. मला या न्यायाचा भारी राग यायचा. दूध देणारी म्हैस, भजनाचा हिशेब माणसांचा!

माझ्या लग्नाचं निघालं तेव्हा हा न्याय आमच्या अंगाशी आला. येणारे पाहुणे पहिलं विचारत, "पोरीला भाऊ किती?" मग विचारत, "वडील माळकरी हायेत का?" आणि जेवूनखाऊन जात ते जातच. बाबा प्रत्येकापुढं हात जोडून "पोरीला पदरात घ्या" म्हणत. ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं वर्ग गप्प व्हायचा, ते बाबा असे वाकलेले बघून मला रडू यायचं आणि पाहुण्यांचे जोडे आडात टाकावेसे वाटायचे.

दोन वर्षं असं चाललं. मग राणीसावरगावचं स्थळ आलं. मोठ्या खटल्याचं, एकत्र कुटुंबाचं घर, सगळे देवाधर्माचे. ते चैत्रात येणार होते आणि तेव्हाच गावात सप्ता होता. सप्त्यात सात दिवस हरिनाम थांबत नाही. गळ्यात वीणा घेतलेल्यानं उभ्यानं नाव घेत राहायचं, पुढच्या पहाऱ्याचा माणूस आला की वीणा त्याच्या गळ्यात घालायची. ती जमिनीला टेकवायची नाही. एकेका घराला एकेक पहारा. आईनं बाबांना सांगितलं, "या बारीला तुमी उभं राहायचं. पाहुणे आले की देवळातून येणारा बाप दिसला पाहिजे." दुपारचा पहारा कुणालाच नको असे. तो बाबांना लगेच मिळाला. त्यांच्यानंतर पाळी शेजारच्या सहा भावांची होती.

त्या दिवशी सहाही भाऊ जेवून आडवे झाले. प्रत्येकाला वाटलं, दुसरा गेला असेल. बाबांचा पहारा संपला, पुढचा सुरू झाला, तरी कुणी येईना. देवळात चिटपाखरू नव्हतं, आणि हाक मारावी तर नाव थांबणार.

इकडं चुडाव्याच्या स्टेशनवर उतरून पाहुणे दारात हजर झाले: मुलाचे वडील आणि त्यांचे तीन भाऊ. घरात पुरुष नाही, आई दाराआड. शेवटी मीच पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले. मुलाचे वडील म्हणाले, "घरात गडीमाणूस कुणी न्हाई का?"

"हाय की," मी म्हणाले. "देवळात वीणा घेऊन अडकलेत."

आईनं आतून कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. पण मुलाचा म्हातारा बाप खूश झाला. भावांना जेवायला बसवून तो माझ्यामागं देवळात आला.

बाबा शेरवानीत घामानं निथळत होते. म्हाताऱ्याला बघताच त्यांनी चाल न सोडता नामात भर घातली, "रामकृष्णहरी, जरा धरता का, रामकृष्णहरी!" म्हातारा भक्तीनं पुढं झाला. वीणा त्याच्या गळ्यात गेली आणि बाबा खांबाला टेकून मटकन बसले.

थोड्या वेळानं म्हातारा या पायावरून त्या पायावर होऊ लागला. नाव घेता घेता त्यानं मला खुणावलं, आमच्यापैकी एकाला बोलाव. मी धावत घरी गेले. तिघे पोटभर जेवून घोंगडीवर पसरले होते. थोरला म्हणाला, धाकटा जाईल. धाकटा म्हणाला, "थोरले असताना मी कसा जाऊ?" मधला घोरत होता. मला हसूही आलं आणि संतापही.

मी परत आले. म्हातारा आता पडतो की मग पडतो. आमच्या गावात बायका वीणेला हात लावत नसत. "कुणी येत न्हाई. द्या इकडं," म्हणून मी वीणा गळ्यात घेतली आणि नाव सुरू केलं. बाबांचं तोंड उघडंच राहिलं. देवाला काही झालं नाही.

दोघे शेजारी शेजारी बसून पोटऱ्या दाबू लागले. मग म्हातारा म्हणाला, "गुरुजी, माझ्या घरात गडीमाणसं लय हायेत. तुमी बघितलंच. ही पोरगी आमाला देता का?"

मला वाटलं, बाबा आता हात जोडणार. पण ते सावकाश उठले, शेरवानी झटकली आणि म्हणाले, "विचारावं लागेल."

"कुणाला?" म्हातारा चक्रावला. "घरात दुसरं हाय कोण?"

"ही काय, उभी हाय."

त्या काळी मुलीला कुणी विचारत नसे. खटल्याच्या घरांत नाही, भजनी घरांत तर नाहीच. बाबा माझ्यापुढं आले आणि वर्गात विचारावं तशा करड्या आवाजात त्यांनी विचारलं, "जायचं का?" नाव थांबवता येत नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मी हो म्हणून मान हलवली. बाबांना ती नीट दिसली नसावी, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं.