शून्य घड्या

निजामाच्या अख्ख्या मुलखात आमच्या काकांइतक्या घड्या घालणारा माणूस दुसरा झाला नसेल. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. मला त्या दोघांनीच वाढवलं. गेवराईच्या उर्दू मदरशात शिकून काका गावी परतले ते शेती करायला, पण गणिताचं वेड तिथूनच घेऊन आले. धोतर वाळलं की घडी, उपरणं काढलं की घडी. एकदा तर गरम भाकरीच दुमडत बसले, ती मोडली. मावशी चुलीपुढनं म्हणाली, “अवो, भाकर खायची हाय का पेटीत ठिवायची?”

एका घडीनं कापडाचे दोन थर, दुसरीनं चार, तिसरीनं आठ. ह्या घड्यांच्या आकड्याला मदरशात कुव्वत म्हणत, आता माझी नातवंडं घातांक म्हणतात. मला कुठली शाळा? मावशीचं लुगडं हीच माझी पाटी. काका विचारायचे, “तीन घड्यांचे आठ थर. त्ये दोन घड्यांनी चौपट केले. आता कुव्वत किती?” मी ऐटीत म्हटलं, “गुणायचं हाय नव्हं? तीन दुणे सहा!” “घाल घड्या.” घातल्या, तर पाचच. “थर गुणायचे पोरी, घड्या मिळवायच्या. उलगडलं की वजा.” तेही पटलं. पण घडीच नसली तर थर एक, हे काही मला पटेना. शून्य म्हणजे काहीच नाही, म्हणून मी भांडले. काकांनी लुगडं झटकून पसरलं. “मंग हे काय हाय? तुजी मावशी काय नेसती?”

त्या साली गावात उंदीर मरून पडायला लागले. प्लेगाच्या भीतीनं सगळा गाव रानात झोपड्या घालून राहिला. तिथं मावशीच्या काखेत गाठ आली, आणि ती गेली.

आमच्यात सवाष्ण गेली की बाया तिचा मळवट भरतात, ओटी भरतात, तिच्या कपाळाचं कुंकू आपल्या कपाळी लावतात. मावशीला त्या मानाची लई हौस. “म्या कशी मिरवत जाते, बगाच,” म्हणायची. बाया नारळ-तांदूळ घेऊन निघाल्या, तर काका वाटेत काठी आडवी धरून उभे. “कुनीबी फुडं यायचं न्हाई. एकीकडनं दोघींना, दोघींकडनं चौघींना. ही घडी मी पडू द्यायचो न्हाई.”

“बायकूचा शेवटचा मानबी खाल्लास की रं, मुडद्या!” पाटलीणबाई कडाडल्या.

“काका, मी तरी येऊ?” मी रडत म्हणाले. काठी माझ्याही पुढं आली.

ओटी त्यांनी एकट्यानं भरली. पुरुषाच्या हाताला ते कुठलं जमायला? तांदूळ सांडले, मळवट भुवयांखाली उतरला. नवं हिरवं लुगडं मात्र त्यांनी पुरतं उलगडून, एक घडी न ठेवता तिच्यावर पांघरलं.

पुढं ते लांब, निराळ्या झोपडीत राहिले. मी बांधावर ठेवलेली भाकरी मी पाठ वळवल्यावरच उचलायचे. साथ सरली, गावी परतलो. आमच्या झोपड्यांतलं मावशीवाचून कुणी कमी झालं नव्हतं. तरी पाटलीणबाई त्यांना बघून पदर ओढून घ्यायच्या.

एके दिवशी वाळलेलं धोतर मी त्यांच्या हाती दिलं, म्हटलं जुनी सवय जागी होईल. ते नुसतं धरून बसले.

“एकबी घडी पडू दिली न्हाई, पोरी,” ते म्हणाले. “तरी एक थर ऱ्हातोच. तुजी मावशी.”

आणि उठून त्यांनी ते धोतर तसंच, पसरून, पुन्हा दोरीवर टाकलं.