काकाला मिळालेला चेहरा

ती कादंबरी मी सूड म्हणून लिहिली. तिला साहित्यसेवा म्हणायचं त्यांनी खुशाल म्हणावं.

अंजूरला खाडीलगत आमचं भातशेत होतं. वडील गेल्यावर आई ते एकटीने कसत होती. काकाला ती जागा गोदामासाठी हवी होती आणि आई देत नव्हती. एका उधाणाला आमच्या शेतापुढचा बांध फुटला, खारं पाणी आत घुसलं आणि आमच्यासकट अर्ध्या गावाचं पीक मेलं. ज्याच्या शेतापुढचा बांध, त्याने तो राखायचा अशी गावची रीत. त्यामुळे सगळं खापर आईवर फुटलं. बाईमाणसाला बांध राखता आला नाही, म्हणे! बांध काकाने कुदळीने फोडला होता. आईने डोळ्यांनी पाहिलं होतं, पण तिचं ऐकतो कोण? शेवटी खारावलेली जमीन कवडीमोलाने काकाच्या घशात गेली आणि आम्ही भिवंडीत एका खोलीत आलो.

कादंबरीत मी त्याला सोडला नाही. बारीक डोळे, मिश्रीने काळे पडलेले दात, खोटं बोलण्याआधी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसायची खोड, सगळं उतरवलं. पण गावात कादंबरी वाचतंय कोण? म्हणून सिनेमावाले दारात आले तेव्हा मी हुरळून गेले. आता गाव बघेल, असं वाटलं.

गावाने बघितलं ते भलतंच. काकाच्या जागी त्यांनी घेतला उंच, गोरा, गालाला खळी पडणारा नट, डोळे सदा भरलेले. आईच्या जागी जन्मभर खाष्ट सासवांची कामं केलेली नटी. मी भांडले तर दिग्दर्शक म्हणाले, "मॅडम, तुमचा एकही प्रसंग बदललेला नाही." खरंच नव्हता. बांध तोच, कुदळही तीच. पण त्या नटाने कुदळ उचलली की मागे बासरी वाजायची आणि थिएटर मुसमुसायचं. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, "असली कजाग वहिनी असल्यावर बिचारा काय करील?" माझ्या आईला! त्या बाईचा गळा धरावासा वाटला मला.

काका मात्र फुलला. नटासारखा भांग पाडू लागला. पिक्चर माझ्यावर काढलाय, असं सांगत पार राहनाळ गावापर्यंत फिरला. मुलाच्या हळदीला त्याने भाड्याने व्हिडिओ आणून भर मांडवात तोच सिनेमा लावला. आम्हालाही बोलावणं होतं. मी नको म्हणत असताना आई हट्टाने गेली.

बांधाचा प्रसंग आला तसा काका उठून टीव्हीशी गेला. "बगा, यो मीच हाय! असाच रडत व्हतो मी कुदळ मारताना!"

आई उभी राहिली. आवाज जराही न चढवता म्हणाली, "म्हंजे बांध तुमीच फोडला ना, भावजी? उधाणानं न्हाय?"

काकाने बाहीने तोंड पुसलं. "न्हाय वयनी, यो तं पिच्चर हाय."

मांडवातल्या निम्म्या लोकांची शेतं त्याच पाण्याने गेली होती. एका म्हाताऱ्याने टीव्ही बंद केला, चपला घातल्या आणि सुनेला हाक मारली. मग एकेक घर उठलं. काका मांडवाच्या तोंडाशी हात जोडून प्रत्येकाला जेवून जा म्हणत होता. कोणी थांबेना.

आई मात्र पुन्हा खाली बसली आणि पोटभर जेवली. तिच्या शेजारी बसून मी काकाकडूनच मटण पुन्हा वाढून घेतलं.