शून्य रुग्णांचे अध्यक्ष

तोबिसे बेटावर दोन वर्षं करोना आला नाही, याचं श्रेय कुणाही शहाण्या माणसानं समुद्राला दिलं असतं. किनाऱ्यावरच्या शहरापासून बोटीनं अडीच तास, हिवाळ्यात लाटा उसळल्या की बोटही बंद. असल्या ठिकाणी यायचं म्हणजे विषाणूच्याच काय, नवरीकडच्या मंडळींच्याही जिवावर यायचं. पण बेटाच्या वस्ती-मंडळाचे अध्यक्ष निशिवाकी योशिहारु यांना समुद्राचं नाव मध्ये आलेलं अजिबात खपत नसे.

रोज सकाळी सातला खांबाखांबावरच्या कर्ण्यांतून आधी त्यांचं खाकरणं ऐकू यायचं, मग आवाज. "सुप्रभात. अध्यक्ष निशिवाकी बोलतोय. आजही आपल्या बेटावर रुग्ण शून्य. मास्क नाकावर घ्या, हनुवटीवर नको. हनुवटीला करोना होत नाही."

हे कर्णे खरं तर त्सुनामीचा इशारा द्यायला बसवलेले. त्सुनामी काही आली नाही, निशिवाकी मात्र न चुकता आले.

त्यांचं आयुष्य तोवर बेताचंच गेलं होतं. मच्छीमार सोसायटीच्या बर्फाच्या कारखान्यात त्यांनी उभी नोकरी काढली. हाताखाली माणूस असा कधी मिळाला नाही. ऐकायचा तो बर्फ, आणि तोही दुपारपर्यंत वितळून जायचा. दोनदा नगर परिषदेला उभे राहिले, दोनदा पडले. दुसऱ्या वेळी मतं इतकी कमी पडली, की बायकोनं, फुसाएनं, मत कुणाला दिलं हे विचारायची त्यांची छाती झाली नाही. मंडळाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं ते चिठ्ठी टाकून, कारण ते कुणालाच नको होतं. कचऱ्यावरची जाळी कावळ्यांनी फाडली की शिवायची आणि कुणी गेलं की खुर्च्या मांडायच्या, एवढाच त्या पदाचा मान.

मग साथ आली आणि निशिवाकींचं नशीब उघडलं.

धक्क्यावर बोट लागली की ते पिवळं जाकीट घालून उभे. प्रत्येकाच्या कपाळाला तापमापक लावायचे, आणि आकडा कितीही असो, "हं," असं गंभीरपणे म्हणायचे. बाहेरून येणाऱ्यानं चौदा दिवस घरात बसायचं, हा नियम त्यांनीच केला. सरकारनं पुढे तो कमी केला, पण निशिवाकींनी केला नाही. "सरकार टोकियोत बसलंय. बेट मी सांभाळतोय," असं ते म्हणत, आणि लोक माना डोलावत. "अध्यक्ष आहेत म्हणून आपण आहोत," असंही लोक म्हणत. बर्फाच्या कारखान्यात असं कधी कुणी म्हटलं नव्हतं.

त्यांची मुलगी चिनात्सु नागोयाला असते. तिला मुलगा झाला, आणि बाळ दाखवायला येते म्हणाली, तर यांनी फोनवरच सांगितलं, "येऊ नकोस. नियम सगळ्यांना सारखा." हा त्याग त्यांनी स्वतःच्या तोंडानं बेटभर सांगितला. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले. फुसाए मात्र कित्येक दिवस त्यांच्याशी फक्त भात वाढण्यापुरतं बोलली.

सगळ्यात गाजलं ते तेप्पेईचं प्रकरण. धक्क्याजवळ किकुनोबाईंचं उदोनचं, म्हणजे रश्श्यातल्या जाड शेवयांचं, छोटं दुकान आहे. नवरा समुद्रात बुडून गेला तेव्हापासून बाई एकट्याच ते चालवतात. त्यांचा मुलगा तेप्पेई ओसाकाच्या एका हॉटेलात स्वयंपाकी होता. साथीत हॉटेल बंद पडलं, नोकरी गेली, तेव्हा पोरगा गाडी बोटीवर चढवून आईकडे आला. दुसऱ्या दिवशी सकाळी कर्ण्यातून आवाज आला, "बेटावर ओसाकाच्या नंबरची एक पांढरी गाडी दिसली आहे. घाबरू नका. पण सावध राहा."

आता बेटावर पांढरी गाडी कुणाची हे सांगायला नंबर कशाला लागतो? दुपारपर्यंत उदोनच्या दुकानात माशी फिरकली नाही. रात्री कुणीतरी गाडीच्या चारही टायरांतली हवा काढली. निशिवाकींना ते खिडकीतून दिसलं. पान्हा हातात घेऊन वाकलेली आकृतीही त्यांनी ओळखली. त्यांनी पडदा ओढून घेतला. अध्यक्षांनी प्रत्येक गोष्टीत कुठे लक्ष घालायचं?

तेप्पेई टायरांत हवा भरून पुढच्या बोटीनं परत गेला. किकुनोबाई धक्क्यावर उभ्या होत्या. निशिवाकी पिवळ्या जाकिटात शेजारीच.

"परिस्थिती आहे, किकुनोबाई. मन घट्ट करा."

"केलंय हो, अध्यक्षसाहेब," बाई बोटीकडे बघत म्हणाल्या. "तुमच्याइतकं जमत नाही अजून."

पुढे ओमिक्रॉनच्या बातम्या सुरू झाल्या. टीव्हीवर नकाशे लाल व्हायला लागले, आणि निशिवाकींच्या चेहऱ्यावर तेज आलं. जुना विषाणू बिचारा लोकांच्या सवयीचा झाला होता. कर्णा लागला की लोक खिडक्या लावायला लागले होते. आता नवा आला म्हणजे पुन्हा ऐकतील.

"हा आधीच्या सगळ्यांपेक्षा हुशार आहे," सोसायटीच्या पायऱ्यांवर बसून ते समजावत. "अंगात शिरला तरी कळू देत नाही. घसा जरा खवखवतो, बस. माणूस म्हणतो थंडी बाधली, आणि तोवर दहा जणांना देऊन मोकळा!"

"मग ओळखायचा कसा?" चौऱ्याऐंशी वर्षांच्या तोकुजीदादांनी विचारलं. दादा अजून होडी घेऊन स्क्विड धरायला जायचे.

"अनुभवानं," निशिवाकी म्हणाले.

जानेवारीच्या शेवटी जिल्ह्याच्या कचेरीतून बोलावणं आलं. जिथे अजून एकही रुग्ण नाही अशा वस्त्यांच्या अध्यक्षांचा सत्कार व्हायचा होता. निशिवाकींनी सूट बाहेर काढला. फुसाए त्याच्यावरून ब्रश फिरवत होती.

"अहो, म्हणजे जिथे जिथे आजार नाही, तिथल्या सगळ्या म्हाताऱ्यांना गोळा करून शहरात नेणार, एका खोलीत बसवणार, आणि आजार नाही म्हणून शाबासकी देणार?"

"तुला प्रशासन कळत नाही."

"नाहीच कळत," ती म्हणाली, आणि कॉलरवर ब्रश जरा जोरातच मारला.

समारंभ झकास झाला. खुर्च्या लांब लांब ठेवल्या होत्या. साहेबांनी गर्दी टाळण्याचं महत्त्व तासभर समजावलं. मग सगळ्यांना शेजारच्या छोट्या खोलीत जेवायला नेलं, कारण तिथे हीटर चांगला होता. जेवताना मास्क काढावाच लागतो, त्याला कुणाचा इलाज नाही. निशिवाकींना काचेचं एक जड मानचिन्ह मिळालं, शेजारी बसलेल्या, डोंगराकडच्या एका अध्यक्षांची ओळख मिळाली, आणि बहुधा त्यांच्याकडूनच आणखी एक गोष्ट मिळाली. ते अध्यक्ष जरासे शिंकत होते. "थंडी," ते म्हणाले होते.

परत आल्यावर चौदा दिवस घरात बसायचा प्रश्न आलाच नाही. बाहेरून येणाऱ्यांसाठी तो नियम होता, आणि हे तर सरकारी कामाला गेले होते.

शनिवारी मंडळाच्या सभागृहात छोटेखानी समारंभ झाला. खेकडे आले, तांदळाची साके आली. मानचिन्ह हातोहात फिरलं. प्रत्येकानं तोंडाजवळ धरून त्यावरची बारीक अक्षरं वाचली, कुणी वाफ सोडून पुसलं. निशिवाकींनी मास्क खाली करून भाषण केलं, मागच्या रांगेला ऐकू जावं म्हणून. मग कराओके सुरू झालं. माइक एकच होता. तो अध्यक्षांकडून तोकुजीदादांकडे, दादांकडून सोसायटीच्या बायकांकडे आणि तिथून पुन्हा अध्यक्षांकडे आला. कोळ्यांची जुनी विरहगीतं गाताना तोंड माइकला चिकटवल्याशिवाय भाव उमटत नाही. किकुनोबाई तेवढ्या नव्हत्या. त्यांना बोलावलंच नव्हतं. ओसाकाहून मुलानं पाठवलेली खोकी त्यांच्याकडे येतात, धोका कशाला घ्या.

सोमवारी सकाळी कर्ण्यातून बेडकासारखा आवाज आला. "सुप्रभात. रुग्ण शून्य. अध्यक्षांचा घसा भाषणामुळे बसला आहे. काळजी नसावी."

मंगळवारी सभागृहात गायलेल्या बायका खोकायला लागल्या. बुधवारी सोसायटीत कुणी कामावर आलं नाही. तेव्हा मात्र निशिवाकी, अंगात ताप असताना, कोतात्सूत, म्हणजे खाली शेगडी असलेल्या मेजाच्या पांघरुणात, पाय खुपसून विचार करायला लागले, आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"ओसाकाचं खोकं," ते फुसाएला म्हणाले. "गेल्या आठवड्यात किकुनोकडे आलं होतं."

"आणि तुम्ही गेल्या आठवड्यात कुठून आलात?"

"माझा घसा भाषणानं बसलाय."

"माझाही भाषणानंच बसलाय," फुसाए घोगऱ्या आवाजात म्हणाली. "चाळीस वर्षं ऐकतेय."

गुरुवारच्या बोटीनं आरोग्य केंद्राची माणसं आली, पांढऱ्या पोशाखात. सभागृहातच सगळ्यांच्या नाकात काड्या घातल्या. दुसऱ्या दिवशी निकाल आले. शनिवारी जे जे खेकडे खायला गेले होते, त्यातला एकही सुटला नव्हता. घरच्या माणसांसकट एकतीस. किकुनोबाई ठणठणीत.

केंद्राची परिचारिका फोनवर निशिवाकींना एकेक विचारत होती. वयानं मुलीएवढी, आवाज गोड.

"घसा सगळ्यात आधी कुणाचा दुखायला लागला, आजोबा?"

"ते नक्की सांगता येत नाही."

"बाकीचे सगळे म्हणतात, सोमवारी कर्ण्यावर ऐकलं."

निशिवाकींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. आपलं पहिलं लक्षण बेटभर ध्वनिक्षेपकावरून जाहीर करणारा रुग्ण तिला यापूर्वी भेटला नसावा.

संध्याकाळी तोकुजीदादांना धाप लागली. हेलिकॉप्टर शाळेच्या मैदानात उतरलं. निशिवाकींनी ते खिडकीतून पाहिलं. दादांना पांघरुणात गुंडाळून नेत होते, आणि त्यांचा एक बूट मागे बर्फात पडला होता. कुणी उचलायला गेलं नाही. जो तो घरात बंद. त्या रात्री निशिवाकी जेवले नाहीत. चिनात्सुचा फोन आला तो त्यांनीच उचलला.

"बाबा, आईचा ताप उतरला का? मी आले असते हो मदतीला. पण बेटावर साथ आहे ना. बाळाला घेऊन कशी येऊ? नियम सगळ्यांना सारखा."

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. ती अगदी प्रेमानं बोलली.

दुसऱ्या दिवसापासून कर्ण्यावर वेगळाच आवाज आला. मंडळाचे सगळे सभासद आजारी, म्हणून नगर कचेरीनं किल्ली किकुनोबाईंकडे दिली होती.

"सुप्रभात. मी किकुनो. मला खाकरायची गरज नाही, माझा घसा चांगला आहे. सगळ्यांच्या दारात उदोन ठेवून जाईन. भांडी धुऊन बाहेर ठेवा. सरकार म्हणतं आजाऱ्यानं दहा दिवस घरात बसावं. पण आपल्या बेटाचा नियम चौदाचा, अध्यक्षसाहेबांनी घातलेला. तो मोडणारी मी कोण?"

फुसाए तापातही इतकी हसली, की खोकल्याची उबळ आली.

बाईंनी खरंच घरोघर उदोन पोचवला. निशिवाकींच्या भांड्यातही सगळ्यांएवढीच कांदापात होती, एक काडी कमी नाही. ते त्यांना फार लागलं.

तोकुजीदादा महिन्यानं परत आले, अर्धे होऊन. होडी त्यांनी विकायला काढली. बेट बरं झालं, आणि बरं झाल्याबरोबर शहाणंही झालं. "आम्ही तर तेव्हाच म्हणत होतो," असं म्हणणारे इतके निघाले, की तेव्हा टाळ्या नेमक्या कुणी वाजवल्या हे कोडंच होतं. निशिवाकी सोसायटीच्या पायऱ्यांवर आले की बसलेल्यांना अचानक कामं आठवत. आता त्यांना काही संसर्ग नव्हता, पण लोकांनी काळजी घेतलेली बरी.

मार्चमध्ये एका दुपारी ते उदोनच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. ते टोपी काढून खाली वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"कंबर धरेल हो," किकुनोबाई म्हणाल्या. "माझ्यापुढे वाकून काय उपयोग? हा घ्या." त्यांनी फोन लावून त्यांच्या हातात दिला. "बोला त्याच्याशी."

पलीकडे तेप्पेई होता. निशिवाकींनी पाठ करून आणलेलं सगळं तोंडातच विरघळलं.

"काका, एकच सांगा," तेप्पेई म्हणाला. "टायरांतली हवा तुम्ही काढलीत?"

"नाही." इथे फोन ठेवता आला असता. उत्तर खोटं नव्हतं. "पण मी बघत होतो. कोण होता तेही दिसलं. मी पडदा ओढून घेतला."

पलीकडे कुठलंसं दार लागल्याचा आवाज आला.

"कोण होता?"

"ते नको विचारूस. त्याला पुरेसं मिळालंय, अर्धाच उरलाय."

"बरं," तेप्पेई म्हणाला. "आईला सांगा, मी कोबेला काम धरलंय. परत यायचं नाही माझं." आणि फोन बंद झाला.

निशिवाकींनी निरोप सांगितला. बाईंना तो नवा असावा. त्यांनी चूल पुसलेली होती ती पुन्हा पुसली, मग एक वाडगा भरून त्यांच्यासमोर आदळला. रस्सा बाकावर सांडला.

"खा. आणि गेलात की दार लावून घ्या, वारा येतो."

एप्रिलमध्ये मंडळाची सभा झाली. निशिवाकींनी राजीनामा दिला. लोकांनी दुःख व्यक्त केलं आणि मग, दुसरं कुणी तयार होईना, तेव्हा तो स्वीकारायला नकार दिला. शेवटी किकुनोबाई म्हणाल्या, "द्या इकडे. कावळ्यांची जाळी शिवता येते मला." त्यांचा पहिला निर्णय म्हणजे सकाळचा कर्णा बंद. त्यावर आठवडाभरात तक्रारी आल्या, की सातला जागच येत नाही.

निशिवाकींना मात्र जाग येते. चहा पीत ते खिडकीशी बसतात. मेच्या एका सकाळी टीव्हीवरची बाई सांगत होती, की ओमिक्रॉनचाच आणखी एक नवा भाऊबंद निघालाय आणि तो आधीच्यापेक्षाही भरभर पसरतो. फुसाएनं भाजी निवडता निवडता नवऱ्याकडे पाहिलं.

"काय म्हणतात तज्ज्ञ?"

"सूमोची कुस्ती लाव," निशिवाकी म्हणाले.

"सूमो दुपारी असतो हो."

"मग बंद कर," ते म्हणाले, आणि तिच्या पुढ्यातल्या अर्ध्या शेंगा ओढून घेऊन सोलायला लागले.