सहदेवाचा खांदा

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी नाचवावी ती आमच्या सहदेव घवाळीनंच. डाव्या बरगडीखाली फुगलं, तेव्हा पालखीच्या ओझ्यानं उसण भरली असं समजून घरच्यांनी वर्षभर तेल चोळलं. निघाला रक्ताचा दुर्मीळ कर्करोग. पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुजली होती.

मुंबईचे डॉक्टर म्हणाले, "हा टाळता येत नाही, पण औषधानं बहुधा ताब्यात येतो. मात्र काही महिने गर्दी नको. साधा तापही जिवावर बेतेल."

यंदा पालखी अंगणात आली. सहदेव मास्क लावून बंद दाराशेजारच्या खिडकीत उभा होता.

"सहदेवदा, वयनीनं कोंडलान काय?" एक चाकरमानी ओरडला.

"फुडल्या वर्साला पालखीखालनं तुलाच बाजूला सारतंय!" सहदेव आतून ओरडला.

ढोल घुमले. सहदेवाचा हात कडीवर गेला, थांबला, खाली आला. रिकामा खांदा मात्र तालावर हलत राहिला.