गुंडूमामांची उंदरं

गुंडूमामांचा जन्म म्हशी राखण्यात गेला आणि उतारवयात वाट्याला आली उंदरं. कागल एमआयडीसीत कॅन्सरवरच्या औषधांच्या एका प्रयोगशाळेत उंदरांचं दाणापाणी बघायचं आणि पिंजरे धुवायचे, ही त्यांची नोकरी. बायको चिमणाबाई चेष्टा करायची, "लोकं उंदराला औषध घालत्यात, आन् आमचं हे त्यास्नी जेवाण वाढत्यात!"

मामा हसायचे. पण कॅन्सरची गाठ किती वाढली हे बघायला चार-दोन उंदरं मारली की घरी येऊन गप भिंतीकडं तोंड करून पडायचे. चिमणाबाई तेव्हा चेष्टा करायची नाही.

मग शिरोळकडची विद्याश्री तिथं संशोधनाला आली. काजव्याला उजेड देणारं प्रथिन तिनं कॅन्सरच्या पेशींत तयार करवलं आणि त्या पेशी उंदरांना टोचल्या.

"मामा, आता दरवेळी कापायला नको. गाठ कुठं हाय, केवढी हाय, उजेडावरनंच कळतंय."

"म्हंजे उंदीर चमकणार?"

"बघा की."

तिनं एका उंदराला गुंगी दिली, पेशी उजळवणारं रसायन टोचलं आणि दिवा मालवला. मामांनी डोळे ताणले. नुसता काळोख.

"कुठाय काजवा? फसिवलासा व्हय मला?"

"लई मंद असतोय उजेड, मामा. कॅमेऱ्यालाच दिसतोय."

उंदीर बंद पेटीत गेला. काही मिनिटांनी पडद्यावर त्याच्या कुशीत रंगीत ठिपका उमटला. थोड्या वेळानं तोच उंदीर पिंजऱ्यात उठून मिशा पुसू लागला. मामांना पडद्यापेक्षा त्याचंच कौतुक.

तीच उंदरं पुन्हा पुन्हा तपासली जाऊ लागली; दरवेळी वेगळी मारावी लागत नसल्यानं थोडक्याच उंदरांवर भागू लागलं. नवं औषध दिलेल्यांचे ठिपके फिके होत गेले. एकाचा तर दिसेनासाच झाला. मामांनी घरच्या म्हशीचा खरवस आणून कँटीनमध्ये सगळ्यांना वाटला.

शेवटी मात्र, पडद्यावर दिसलं ते खरं का, हे उंदरं कापून, आत बघून पडताळणं आलंच. विद्याश्री हळूच म्हणाली, "मामा, उद्या रजा घ्या."

"का? खायाला मी घातलंय. मी येणार."

ते आले. गुंगी लागेपर्यंत प्रत्येकाच्या पाठीवरनं बोट फिरवत राहिले. काम उरकल्यावर विद्याश्रीलाच रडू फुटलं.

"रडू नगासा, ताई," मामा म्हणाले. "आदी किती जायची, मला ठावं हाय. तुमच्यामुळं लई वाचली."

पुढच्या आठवड्यात नवी उंदरं आली. मामांनी त्यांच्यासाठी ताजा भुसा पसरून ठेवला होता.