पाथरीच्या मैदानावरचे सिमेंट

आमच्या शाळेचे मैदान काळ्या मातीचे होते. उन्हाळ्यात त्याला भेगा पडत आणि बास्केटबॉल टप्पा पडताच भलतीकडे पळे. पावसाळ्यात तो पडेल तिथेच बसे. त्यामुळे चेंडू आपटत नेणे आम्हाला जमत नसे. हातात आला की लगेच दुसऱ्याकडे द्यायचा, एवढेच येत असे. माझ्यापुढे दोन इयत्ता असलेला एक जण याच सवयीच्या बळावर हैदराबादला एका सरकारी खात्याच्या संघात गेला. आपटत नेणे तो तिकडे शिकला. त्याला पगार मिळे तो खेळण्याचाच.

तो गार्ड होता. चेंडू पुढे आणायचा, मोकळी जागा हेरायची आणि बास्केट करणाऱ्याच्या हातात अचूक पोचवायचा, हे त्याचे काम. संघात त्याला मान होता. वर्तमानपत्रांत मात्र गुण करणाऱ्याचेच नाव येई. मी परभणीच्या एका दैनिकात बातमीदार होतो. आमच्याकडेही हाच शिरस्ता होता.

सुट्टीत तो गावी आला की शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष चारचौघांत विचारत, "परवाच्या मॅचला किती गोल केलास?"

"गोल न्हाई काका, बास्केट. दोन."

"दोनच? आन् तेवढ्यासाठी सरकार पगार देतंय?"

गावाने आपला खेळ एकदा डोळ्यांनी पाहावा, एवढीच त्याची इच्छा होती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, गुडघा दुखू लागल्यावर, त्याने संघाला पाथरीत प्रदर्शनीय सामना खेळायला राजी केले. संघाची अट एकच होती, मैदान सिमेंटचे हवे. सिमेंट तेव्हा सरकारी परमिटवरच मिळे. रजा काढून त्याने कचेरीत खेटे घातले. परमिट निघाले, पोती शाळेत येऊन पडली आणि तो निर्धास्तपणे हैदराबादला गेला.

सामन्याच्या आदल्या आठवड्यात परतला तेव्हा मैदान काळेच होते. कडेला सिमेंटचे नवे कोरे व्यासपीठ उभे होते.

"काका, हे काय केलंत?"

"मोठमोठे पाव्हणे यायलेत. त्यांना काय मातीत बसवू?"

"आन् खेळायचं कुठं?"

"तू मातीत खेळूनच मोठा झालास ना गड्या? मंग?"

संघाने तार करून नकार कळवला. सामना रद्द झाला. सामन्याला जोडून ठेवलेला त्याचा सत्कार मात्र झाला, कारण पत्रिका वाटून झाल्या होत्या. मी बातमीसाठी गेलो होतो. शाल, नारळ, भाषणे झाली. शेवटी अध्यक्षांनी परस्पर जाहीर करून टाकले की सत्कारमूर्ती आता खेळाचे प्रात्यक्षिक दाखवतील.

तो व्यासपीठावरून खाली उतरला नाही. "इथंच दाखवतो. खुर्च्या जरा मागं घ्या," म्हणाला.

कोणी उठले नाही. अध्यक्ष बसल्या जागेवरून म्हणाले, "आरं, खाली एवढं मैदान पडलंय की!"

लोक हसले. त्याने दोन खुर्च्यांमधल्या हातभर जागेत चेंडू आपटून पाहिला, पुन्हा एकदा आपटला, मग काखेत धरून पायऱ्या उतरला.

परभणीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. त्याच्या मांडीवर चेंडू होता, चेंडूवर शाल.

"सिमेंट चांगलं घातलंय," मानवतच्या थांब्यावर तो म्हणाला. "उसळी बरोबर यायलीय."