मेळताईंचा अर्धा मेळ

रक्तपेढीतल्या या बाईंना सगळे मेळताई म्हणतात. खरं नाव पगारपत्रकावर असेल, ते तिथेच राहू दे. पेढीत एक मुख्य कॉम्प्युटर आणि नदीपलीकडच्या इमारतीत त्याची हुबेहूब नक्कल ठेवणारा दुसरा. इथे रक्तदात्याची नोंद झाली की ती तिथेही उमटायला हवी, म्हणजे एक बंद पडला तर दुसऱ्यावर काम चालतं. या दोघांचा मेळ राखायचा, हे ताईंचं काम. दोन माणसांचा मेळ बसवण्यात हयात जाते, त्या मानाने यंत्रं गुणी, असं त्या म्हणतात. नवऱ्यासमोर जरा मोठ्याने म्हणतात.

मी शिंपी, तोंडाने फटकळ. आमची ओळखच भांडणातून झाली.

धाकट्या बहिणीचं बाळंतपण अवघड झालं. मुलगी झाली, ती ठणठणीत होती, पण बहिणीचा रक्तस्राव थांबेना. तिचा रक्तगट हजारात एखाद्याचा. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की त्या गटाची एकही पिशवी शिल्लक नाही, संध्याकाळच्या आत दाता मिळाला पाहिजे. मी धावत रक्तपेढीत गेलो, तर तिथे वेगळाच गोंधळ. एसी बिघडल्यामुळे मुख्य कॉम्प्युटर तापून बंद पडला होता. पलीकडच्या नकलेत शोधलं तर त्या गटाचे दोनच दाते निघाले. एक परदेशात, दुसऱ्याला कावीळ.

आणि ती नक्कलही शिळी निघाली. त्यांच्याकडे एक रीत होती. नक्कल करणं काही कारणाने थांबवलं, की थांबवणाऱ्याने आपला चहाचा कप त्या यंत्रावर पालथा घालायचा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या लक्षात राहतं. पलीकडच्या माणसाने वार्षिक अहवाल लवकर निघावा म्हणून नक्कल थांबवली, कपही पालथा घातला. कुणा भल्या माणसाने तो धुऊन फडताळात ठेवला, आणि नक्कल पुन्हा सुरू करायची राहूनच गेली. तेव्हापासूनच्या सगळ्या नोंदी फक्त या तापलेल्या यंत्रात होत्या.

हे ऐकल्यावर मी तोंडाचा पट्टा सोडला. कपाच्या भरवशावर लोकांचे जीव टांगता का, असंही विचारलं. मेळताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

"दादा, तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आता बसा आणि मला काम करू द्या."

समोर पंखे लावून यंत्र थोडा वेळ चालवता येणार होतं, पुन्हा तापेपर्यंत. त्यातच शोधत बसलं तर ते मध्येच बंद पडलं असतं, म्हणून नोंदी पलीकडे नेऊन तिथे शोधायच्या होत्या. पूर्ण मेळ घालायला मात्र अख्खा दिवस हवा होता. त्यांच्या साहेबांचं म्हणणं, नियमाप्रमाणे सगळं क्रमाने न्या, अर्धवट नक्कल म्हणजे धड ना इकडची ना तिकडची. आणि क्रमात पहिली होती कर्मचाऱ्यांची हजेरी, मग पगार. ताई म्हणाल्या, "पगार उशिरा झाल्याने कुणी मरत नाही, माझाही त्यातच आहे." साहेबांनी क्षणभर विचार केला आणि अर्ध्या मेळाची जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेतली. त्यांचेही उपकार मी विसरणार नाही.

ताईंनी दात्यांचा भाग निवडला, तोही नक्कल थांबल्यानंतरचाच. मला वाटलं, आता सुरू करतील. पण त्यांनी तपासणीच्या निकालांचा भागही जोडला. मी पुन्हा चिडलो, कारण त्याने वेळ वाढणार होता. त्यांनी न चिडता समजावलं, की दात्याचं नाव एका भागात असतं आणि रक्तगट दुसऱ्या भागात. नुसती नावं नेली तर त्यातला आपला कोण हे कसं कळणार?

यंत्र सुरू झालं. ताई एक हात त्याच्या पाठीवर ठेवून बसल्या होत्या, तापलेल्या लेकराजवळ आई बसते तशा. दाते गेले. निकाल हळूहळू जात होते. मी आयुष्यात इतक्या मनापासून देवाचं नाव घेतलं नव्हतं. शेवटचा निकाल पोचला, आणि थोड्याच वेळात पंख्यांना न जुमानता यंत्र बंद पडलं. फोनवर पलीकडचा माणूस शोधत होता. मग ताईंनी माझ्याकडे बघून मान डोलावली. एक दाता होता, नवाच, आणि गावातच होता.

संध्याकाळच्या आत बहिणीला रक्त चढलं. ती वाचली.

दाता कोण हे कुणाला सांगत नाहीत, असा पेढीचा नियम. मी ताईंच्या पाया पडायला गेलो तर त्या मागे सरकल्या. रागाने बोललो त्याचंही त्यांनी काही मनावर घेतलं नव्हतं. निदान त्या माणसाला माझे आभार तरी कळवा, असं मी विनवलं. कळवते म्हणाल्या, आणि उरलेला मेळ घालायला बसल्या.

बहीण घरी आल्यावर त्यांचा फोन आला.

"तुमचा निरोप दिला," ताई म्हणाल्या. "ते एवढंच विचारत होते, बाळाची आई घरी आली का? काय सांगू?"

मी फोन बहिणीच्या हातात दिला.

"सांगा, आले म्हणून," ती म्हणाली. "लेक मांडीवर आहे."